सात न देणारी शीतल

'कळवतो' हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की आजही माझं डोकं फिरतं. मी एस.टी.त कंडक्टर होतो. आमच्याकडे एक घंटी वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की निघते. मधलं काही नसतं. अर्धी थांबलेली आणि अर्धी निघालेली गाडी मी सबंध नोकरीत पाहिली नाही. तशी माणसं मात्र पुष्कळ पाहिली, आणि त्यातली बरीचशी निवृत्तीनंतर, शेजारच्या नारायणच्या बैठकीत पोहे खाताना.

नारायण केनवडमधला माझा शेजारी. त्याची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. शीतल ही त्याची थोरली मुलगी. बी.एस्सी., बी.एड. करून रिसोडला एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळच्या गाडीनं जायची, दुपारच्या गाडीनं यायची आणि जेवण झालं की मोबाइल घेऊन गच्चीवर. घरात रेंज नव्हती, हे एक कारण. दुसरं, गच्चीवर सतत काहीतरी वाळत घातलेलं असायचं. कधी तूर, कधी मिरच्या, उन्हाळ्याच्या तोंडाशी शिजवलेली हळद. राखणीला कुणीतरी लागायचंच. ती टाकीच्या सावलीत बसायची, मोबाइल विटेला टेकवायची आणि जपानी चित्रांच्या मालिका पाहायची. मधूनच उठून पायानं हळद खालीवर करायची, कोंबड्या हाकलायची, परत येऊन बसायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भिंतीवरून विचारलं, "काय पाहून राह्यली वं? कार्टून?"

तिनं मोबाइल थांबवला आणि पूर्ण वळून माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुमाले कोनी ड्रायव्हर म्हनलं तं चालते का?"

"कायले चालीन? मी कंडक्टर होतो."

"मंग यालेही कार्टून म्हनू नका. अ‍ॅनिमे म्हनतात याले."

नाव शीतल, आणि नाकावर राग. पण तो राग उगाच कुणावर सांडायचा नाही. त्याला प्रत्येक वेळी कारण असायचं आणि ते कारण ती तुम्हाला ऐकवल्याशिवाय सोडायची नाही.

तिच्या मालिका मी भिंतीच्या अलीकडून पाहू लागलो. आवाज जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, आणि माझा चष्मा जुना. मग शीतलच मला सांगायची. मोठमोठ्या तलवारी घेतलेले, केस उभे राहिलेले राक्षस आमच्या गच्चीवर वऱ्हाडी बोलायचे. "थो म्हनून राह्यला, तुले मी सोडत नाही. हा म्हनते, कायले सोडतं, पकड नं मंग." माझी बायको खालून ओरडायची की या वयात हे काय चाळे. तिला काय ठाऊक, वर काय चाललंय.

शीतलची आवड सरळ नव्हती. तलवारीच्या मारामाऱ्या तिला आवडायच्या, पण मार खाल्लेल्याला दुसऱ्या दिवशी दुखलं पाहिजे, अशी तिची अट. नुसतं ओरडून कुणाच्या अंगात नवी ताकद आली की ती संतापायची. "बोंबलल्यानं ताकद येत असती तं आपल्या गावचे सारे पोट्टे पैलवान झाले असते." दुष्ट माणूस मरायच्या आधी त्याचं दुःखी बालपण दाखवलं की तिचं पित्त खवळायचं. प्रेमाच्या गोष्टीत पोरगा शेवटपर्यंत मनातलं बोललाच नाही तर ती मोबाइलला शिव्या द्यायची, मास्तरणीला शोभणार नाहीत अशा.

एकदा तर कहर झाला. तिच्या एका मालिकेतला नायक मेला. अख्खा भाग त्याच्या सरणावर गेला आणि शीतल ओढणीनं डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरून आरोळी आली, "मेला होता नं थो! जाळला त्याले! मंग आला कुठून?" तिची आई पिठाचे हात घेऊन जिना चढून आली, तिला वाटलं गल्लीत कुणीतरी गेलं. नायक परत जिवंत झाला होता. शीतलनं ती मालिका तशीच रागानं शेवटपर्यंत पाहिली, आणि मग तिला दहापैकी दोन दिले. कारणही लिहिलं. "माह्यं रडनं वापस करा, असं लिवलं मी," तिनं मला सांगितलं.

हे दहापैकीचं प्रकरण म्हणजे तिच्या जिवाचा विषय. या मालिका पाहणारे जगभरातले लोक एका ठिकाणी नंबर देतात. तिथं शीतलही द्यायची. पण तिचे कायदे होते. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय नंबर नाही. अर्ध्यात सोडलं तर 'सोडलं' असं सरळ सांगायचं, पण नंबर द्यायचा नाही. सुरुवातीचं गाणं आणि शेवटची नावं पुढे ढकलायची नाहीत. जपानी नावं तिला वाचता येत नव्हती, तरी ती संपेपर्यंत बसून राहायची. "ज्यायनं काढलं त्यायले येवढं तं देवाव ना काका," म्हणायची. नंबराला कारण पाहिजेच. आणि सात कधी द्यायचा नाही.

सात का नाही, हे मी एकदा विचारलं. एक मालिका मलाही बरी वाटली होती आणि मी आपला सहज म्हणालो, "सात दे."

"काका, सात म्हंजे काय?"

"म्हंजे... बरं हाय."

"पाच म्हंजे जमलं नाही. सहा म्हंजे मेहनत केली पन जमलं नाही. आठ म्हंजे जमलं. हे सारं सांगता येते. सात देनाऱ्याले काही सांगायचंच नसते. वाईटपना घ्याचा नाही अन् डोकंही लावायचं नाही. त्या साइटवर जा, पाहा, अर्धे लोक सात देऊन बसले. भेकड कुठचे."

आणखी एक गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. एक अगदी सुमार मालिका होती, एका खानावळीतल्या भुताची. ती शीतलनं पुन्हा पुन्हा पाहिली. हसून हसून लोळायची. तिला दिले चार. मी म्हटलं, अगं, इतकी आवडते तर चार का? ती म्हणाली, "आवडनं येगळं, चांगलं असनं येगळं. आवडते म्हनून नंबर वाढवला तं मंग माह्या नंबराले काय अर्थ?" आणि तिचा सगळ्यांत वरचा नंबर, नऊ, एका संथ मालिकेला होता. बेटावरचा एक म्हातारा समुद्रातल्या जहाजांसाठी रोज दिवा लावतो, इतकीच गोष्ट. शेवटी त्याला भेटायला कुणी येत नाही. "अन् त्यायनं थे लपवलं नाही," शीतल म्हणाली. मला ती मालिका पाहताना झोप आली होती. हे मी तिला सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

आता खाली बैठकीत काय चालायचं ते सांगतो, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

शीतलला पाहायला पाहुणे यायचे. नारायण मला बोलवायचा, कारण अशा वेळी खुर्चीवर एखादं मोठं माणूस असावं लागतं. स्थळं आणायचे बबनराव. गुडघ्यापर्यंत धोतर, खिशात मोबाइल दोन. एका जीपमध्ये आठ-दहा माणसं कोंबून यायची आणि एका फेरीत जेवढ्या मुली पाहून होतील तेवढ्या पाहायची. आमच्याकडे पोहे, पुढच्या घरी चिवडा, त्याच्या पुढे चहा. पोट बिघडेल म्हणून कमी खायचे, एवढाच काय तो विचार. शीतल ट्रे घेऊन यायची. कुणी म्हणे चालून दाखव, कुणी म्हणे हात दाखव. एका आत्याबाईनं तिला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि भाच्याला शेजारी, उंची मोजायला. एक मामा तिच्याशी बोलताना मोबाइलवर नाचगाणी पाहत होता, आवाज मोठा ठेवून. एका वेळी तर नाव विचारायचंच राहिलं. जाताना जीपमधून एकानं बबनरावांना विचारलेलं मी ऐकलं, "ही कोनती होती, मास्तरीन का नर्स?"

आणि उठताना सगळे एकच म्हणायचे. गुडघ्यावर हात मारून, उपरण्यानं तोंड पुसून. "बरं हाय. कळवतो मंग."

कळवलं कुणीही नाही. आमच्याकडे 'नाही' असं तोंडानं सांगायचीच पद्धत नाही. मुलीकडच्यांनी ते आपलं आपण ओळखायचं. किती दिवसांनी ओळखायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. तोवर बाप फोन वाजला की हात पुसत धावतो. आई शेजारणींना 'अजून काही आलं नाही' म्हणत राहते. याला हे लोक सभ्यपणा म्हणतात! तोंडावर 'नाही' म्हणायची हिंमत नाही, आणि पोहे मात्र पुन्हा मागून घेतात.

पाहुणे गेले की शीतल साडी बदलून गच्चीवर यायची. एकदा मला म्हणाली, "सात देऊन गेले काका."

बस, तेवढंच. मला आयुष्यात कुणी इतकं नेमकं बोललेलं आठवत नाही.

मग एका हळदीच्या दिवसांत कारंज्याहून निखिल आला. घरचं बी-बियाण्याचं दुकान, मुलगा शिकलेला, दिसायलाही चांगला. सोबत आई, मामा आणि अर्थात बबनराव. हल्ली मुलामुलीला दोन शब्द बोलू देतात, म्हणून दोघांना गच्चीवर पाठवलं. मी माझ्या गच्चीवर मिरच्यांच्या निमित्तानं होतो. लाज वाटायचं कारण नाही. मिरच्या खरोखरच वाळत होत्या.

त्यानं तिला पगार विचारला नाही, स्वयंपाक विचारला नाही. विटेला टेकवलेला मोबाइल पाहून म्हणाला, "काय पाहता तुम्ही?"

शीतलनं सांगितलं. कार्टून म्हणाला नाही तो. उलट म्हणाला, "तुमच्या मतानं सगळ्यांत चांगलं कोनतं?" तिनं त्या म्हाताऱ्याच्या दिव्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "पाहतो मी. पूर्ण पाहतो, अन् किती नंबर देतो ते तुम्हाले सांगतो."

मी तिचा चेहरा पाहिला. मी काही फार रसिक माणूस नाही, पण एवढ्या वर्षांत हजारो माणसांचे चेहरे पाहून पंच मारलेला कंडक्टर आहे. ही मुलगी त्या क्षणी खूश होती. तिला कुणी पहिल्यांदाच तिच्या पद्धतीनं वचन दिलं होतं.

मी खाली बैठकीत गेलो तेव्हा निखिलची आई म्हणाली, "छान हाय पोट्टी." मामा म्हणाला, "कळवतो."

हळद निघाली, पेरण्या झाल्या. शीतल रोज दुपारी गच्चीवर येऊन आधी मोबाइलवर काही आलंय का ते पाहायची आणि मग मालिका लावायची. पूर्वी असं करत नव्हती. नारायणनं मधे आलेली दोन चांगली स्थळं परतवली, कारण बबनराव सांगायचे, "थांबा जरा. व्हय म्हनतीन थे." सोयाबीन निघालं. दिवाळी झाली. मी विचारायचो, "आलं का काही?" ती म्हणायची, "पाहून राह्यला असंन काका. संथ हाय ना थे." बेटावरच्या त्या म्हाताऱ्यावर मला चीड येऊ लागली.

एके दुपारी तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. निखिलच्या मामाच्या स्टेटसला फोटो होता. निखिलच्या गळ्यात हार, शेजारी मेहकरकडची कुणी मुलगी. साखरपुडा.

मी तडक खाली उतरलो, नारायणला घेतलं आणि बबनरावांच्या ओट्यावर गेलो. तो गृहस्थ काय म्हणाला असेल? सुपारी कातरत म्हणाला, "तसं त्यायनं नाही कुठं म्हटलं?"

फोटोत दुसऱ्या मुलीच्या बोटात अंगठी घालून झाली होती, आणि हा माणूस म्हणतो, नाही कुठं म्हटलं! मी त्या ओट्यावर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नारायण मलाच ओढत घरी घेऊन आला. चूक कुणाची आणि आवर कुणाला, हेही आमच्याकडे असंच चालतं. मी शीतलला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता कारंज्याला जाऊ, त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्याची उतरवतो.

"नाही काका," ती म्हणाली. "तुमी भांडून आनलेलं 'नाही' मले कायले पायजे? त्यानं सोताहून म्हनाव. कारन सांगून. माहा येवढाच हक्क होता."

तिचा आवाज फुटला तो तेव्हा. मग ती उठली आणि तूर खालीवर करू लागली. ती सकाळीच खालीवर करून झाली होती.

पुढच्या हळदीच्या दिवसांत तीच जीप नारायणच्या दारात पुन्हा उभी राहिली. मेहकरचं मोडलं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही, कळवलं नसेल. निखिल, आई, मामा, सगळे आले. आणि बबनराव असे हसत होते की जणू त्यांनीच वर्षभर हे शिजत ठेवलं होतं. "म्हनलं नव्हतं नारायणराव? आता त्यायची पक्की व्हय हाय."

नारायणच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला मी दोष देत नाही. म्हणजे देतो, पण थोडा. शीतलचं वय वाढत होतं आणि धाकटी खोळंबली होती. तो गच्चीवर येऊन तिला म्हणाला, "माय, आता नाही म्हनू नको. याच्यानंतर मी कोनाच्या दारात जानार नाही." आणि खाली गेला.

मी भिंतीला रेलून तिला हळूच म्हटलं, "ऐक माह्यं. जा अन् म्हन, कळवतो. वर्षभर टांगून ठेव त्यायले. फोन उचलू नको."

मला तेच पाहिजे होतं. त्या मामानं फोन वाजला की हात पुसत धावावं, एवढीच माझी इच्छा होती.

शीतल म्हणाली, "काका, मी सात देत नाही." आणि जिना उतरली. मीही भिंत ओलांडून तिच्या मागोमाग बैठकीत गेलो.

ट्रे नव्हता तिच्या हातात. शाळेतून आलेली होती तशीच, साध्या ड्रेसवर. ती सरळ निखिलच्या समोरच्या खुर्चीवर बसली. मामाच्या भुवया वर गेल्या.

"थे पाह्यलं का तुमी?" तिनं विचारलं.

निखिलला आधी समजलंच नाही. मग आठवलं. हसला. खरोखर चांगलं हसतो तो, हे कबूल करायला हवं. "हो हो, थो दिव्यावाला म्हातारा ना? दोन भाग पाह्यले होते. मस्त हाय. सात देतो मी."

मी डोळे मिटून घेतले.

शीतल शांतपणे म्हणाली, "माही नाही हाय. कारनही सांगते. तुमी मले आवडले होते. आजही आवडता, खोटं कायले बोलू? पन तुमाले अर्ध्यात सोडायचं होतं तं सोडलं म्हनायचं होतं. एक फोन. तुमी वर्षभर माह्या बापाले फोनकडे पाहाले लावलं. आवडनं येगळं अन् चांगलं असनं येगळं. पोहे होऊन राह्यले, खाऊन जा."

मामा उसळला. "हे काय बोलनं झालं? आमी घरी गेलो असतो, तुमी विचार करून कळवलं असतं..."

"कळवलं ना आता," शीतल म्हणाली.

पोहे कुणी खाल्ले नाहीत. जीप वळली तेव्हा निखिलनं एकदा वर पाहिलं, गच्चीकडे. बबनरावांनी जाता जाता पोरीच्या शिक्षणाबद्दल काहीतरी म्हटलं आणि मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. काय बोललो, ते तेही कुणाला सांगत नाहीत. नारायण पुढे बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. गावानं तर तोंडाला येईल ते म्हटलं. वर्षभर लटकत ठेवणाऱ्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तोंडावर उत्तर देणारी मात्र उद्धट ठरली. या गोष्टीचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही.

जूनमध्ये तिला अकोल्याच्या एका शाळेत नोकरी लागली. आता ती तिथंच खोली करून राहते. सणावाराला येते. पण तिची आठवण आली की मला जीप परत गेली त्या दिवशीची संध्याकाळच दिसते.

दिवस कलला होता. मी गच्चीवर गेलो तर ती टाकीला पाठ लावून बसली होती. विटेला मोबाइल, त्याच्यावर कुठल्यातरी मालिकेची शेवटची नावं सरकत होती. ती रडत होती, आवाज न करता. हळद चाळलेल्या हातानं तिनं डोळे पुसले आणि दोन्ही गालांना हळद लागली. मी पाहिलं आणि मान दुसरीकडे केली.

नावं संपली तेव्हा ती म्हणाली, "काका, पुरं झालं आता. नंबर द्याव लागते."

"देऊन टाक. शून्य दे भाड्याले."

"चार देले."

"चार?" माझा आवाज चढला. "त्याले चार? कोनत्या हिशोबानं?"

तिनं ओढणीनं गाल पुसला. हळद आणखीच पसरली.

"हिशोबानं तीनच बसते," ती म्हणाली. "एक उगाच देला."